राखीव गोलरक्षकाचे मोल किती?
हॉकी लीगचा लिलाव, राष्ट्रीय संघातील एकच जागा आणि मुंबईच्या सूरज करकेराची वाटचाल

हॉकीच्या मैदानावर अकरा खेळाडूंपैकी दहा जण सतत बदलत असतात. आघाडीचा खेळाडू काही मिनिटे खेळून विश्रांतीसाठी बाहेर येतो, त्याच्या जागी ताज्या दमाचा खेळाडू उतरतो. गोलरक्षकाच्या बाबतीत मात्र असे सहसा घडत नाही. पहिल्या पसंतीचा गोलरक्षक तंदुरुस्त असेल, तर दुसरा गोलरक्षक संपूर्ण सामना बाकावर बसून काढतो. अशा खेळाडूची किंमत कशी ठरवायची आणि त्याचे भवितव्य काय, हा प्रश्न भारतीय हॉकीत नवा नाही. हॉकी इंडिया लीगच्या पुनरुज्जीवनानंतर मात्र त्याला रुपयांत उत्तर मिळू लागले आहे.

लिलावातील आकडे

२०१७ नंतर बंद पडलेली ही लीग २०२४-२५ च्या मोसमात पुन्हा सुरू झाली. त्यासाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये नवी दिल्लीत खेळाडूंचा लिलाव झाला. पुरुषांच्या आठ संघांपैकी प्रत्येकाला ४ कोटी रुपयांची खर्चमर्यादा होती आणि त्यातून २४ खेळाडूंचा संघ उभारायचा होता. भारताचा कर्णधार हरमनप्रीत सिंग याला सूरमा हॉकी क्लबने ७८ लाख रुपयांना घेतले. हैदराबाद तूफान्सने गोन्झालो पेयाटसाठी ६८ लाख रुपये मोजले. हे दोघेही पेनल्टी कॉर्नरवर गोल करणारे ड्रॅगफ्लिकर आहेत.

गोलरक्षकांच्या बोली यापेक्षा बऱ्याच खाली राहिल्या. आयर्लंडचा डेव्हिड हार्ट याला तामिळनाडू ड्रॅगन्सने ३२ लाख रुपयांना आपल्याकडे ओढले. २०१५ आणि २०१६ या दोन्ही वर्षी जगातील सर्वोत्तम गोलरक्षक ठरलेल्या खेळाडूला मिळालेली ही रक्कम सर्वात महागड्या ड्रॅगफ्लिकरच्या निम्मीही नाही. मुंबईच्या सूरज करकेरासाठी टीम गोनासिकाने २२ लाख रुपयांची बोली लावली. वर्षानुवर्षे राष्ट्रीय संघाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या खेळाडूच्या दृष्टीने ही रक्कम लक्षणीय म्हणावी लागेल.

या बोलीमागे एक साधे गणित आहे. संघातील २४ जागांपैकी विदेशी खेळाडूंसाठी आठच जागा ठेवलेल्या होत्या. गोलरक्षक विदेशी घेतला, तर त्यातील एक जागा खर्ची पडते. भरवशाचा भारतीय गोलरक्षक मिळाला, तर तीच जागा एखाद्या विदेशी बचावपटूला किंवा आक्रमकाला देता येते. त्यामुळे राष्ट्रीय संघात दुसऱ्या क्रमांकावर असलेला भारतीय गोलरक्षक लीगमध्ये पहिल्या क्रमांकाचा ठरू शकतो.

ऑलिम्पिकची अडचण

राष्ट्रीय संघाचे गणित याच्या उलट आहे. विश्वचषकासाठी १८ जणांचा संघ निवडला जात असल्याने दोन गोलरक्षक नेता येतात. २०२३ च्या विश्वचषकात पी. आर. श्रीजेश आणि कृशन बहादूर पाठक असे दोघेही भारतीय संघात होते. ऑलिम्पिकसाठी मात्र १६ जणांचीच मर्यादा असते. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकला भारताने भरत छेत्री आणि श्रीजेश या दोघांना नेले होते. पुढे दुसऱ्या गोलरक्षकाची जागा मैदानी खेळाडूला देण्याकडे कल वाढला. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये श्रीजेश हा संघातील एकमेव गोलरक्षक होता आणि पाठकचे नाव तीन राखीव खेळाडूंच्या यादीत होते.

त्या स्पर्धेत ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात दहा खेळाडूंनिशी झुंजणाऱ्या भारताने १-१ अशी बरोबरी राखली आणि शूटआऊटमध्ये ४-२ असा विजय मिळवला. पुढे स्पेनला २-१ असे हरवून भारताने कांस्यपदक पटकावले आणि ३६ वर्षांच्या श्रीजेशने निवृत्ती पत्करली. अशा खेळाडूच्या मागे उभे असणाऱ्याला किती काळ थांबावे लागते, हे यावरून दिसते.

थांबण्याची किंमत

करकेराच्या कारकिर्दीचा आलेख या दृष्टीने बोलका आहे. २०१७ मध्ये गुडघ्याच्या दुखापतीमुळे श्रीजेश बाहेर पडला. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ढाका येथे झालेल्या आशिया चषकासाठी यवतमाळचा आकाश चिकटे आणि मुंबईचा करकेरा यांची निवड झाली. दोन्ही गोलरक्षक महाराष्ट्राचे असलेल्या त्या संघाने विजेतेपद मिळवले. डिसेंबरमध्ये भुवनेश्वरच्या जागतिक लीग अंतिम स्पर्धेत बेल्जियमविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना भारताने शूटआऊटमध्ये जिंकला, तेव्हा गोलपुढे चिकटे उभा होता. भारताला त्या स्पर्धेत कांस्यपदक मिळाले.

श्रीजेश परतल्यावर दार पुन्हा मिटले. करकेराला २०२१ ची ढाका येथील आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी आणि २०२२ चा जकार्ता येथील आशिया चषक खेळता आला, तो प्रमुख गोलरक्षक या स्पर्धांत नसल्यामुळे. श्रीजेशच्या निवृत्तीनंतर पाठक पहिल्या क्रमांकावर आला आणि करकेरा दुसऱ्या. सप्टेंबर २०२४ मध्ये चीनमधील आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राजगीर येथील आशिया चषक या दोन्ही विजेत्या संघांत हीच जोडी होती. राजगीरमधील विजयाने भारताला २०२६ च्या विश्वचषकात थेट प्रवेश मिळवून दिला.

म्हणजेच एका ज्येष्ठ गोलरक्षकाच्या निवृत्तीनंतरही करकेराचे स्थान राखीवच राहिले. त्याच्या आणि पाठकच्या वयात फारसे अंतर नाही, ही त्यातील खरी अडचण होय.

संधी कोणत्या वाटेने येते?

राखीव गोलरक्षकाची संधी बहुधा दुसऱ्याच्या अडचणीतून येते. जुलै २००९ मध्ये पुणे येथील सराव शिबिरात गोल्फचा चेंडू डोळ्यावर लागून प्रमुख गोलरक्षक बलजित सिंग जबर जखमी झाला आणि रातोरात संघाची घडी बदलली. खुद्द श्रीजेशही २००६ मध्ये वरिष्ठ संघात आला, पण एड्रियन डिसोझा आणि भरत छेत्री यांच्यामुळे त्याला सुमारे पाच वर्षे प्रतीक्षा करावी लागली. २०११ च्या आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानचे दोन पेनल्टी स्ट्रोक अडवल्यावर त्याचे स्थान पक्के झाले.

उत्तर अमेरिकेतील बर्फावरील हॉकीत ही अडचण वेगळ्या रीतीने सोडवली जाते. तेथील राष्ट्रीय लीगमध्ये प्रत्येक संघ मोसमात ८० हून अधिक साखळी सामने खेळतो. एकाच गोलरक्षकाला इतका भार पेलत नसल्याने दुसऱ्यालाही नियमित सामने मिळतात आणि त्याचा बाजारभाव ठरतो. व्हँकूवर संघात रोबेर्तो लुआंगोचा साथीदार असलेल्या कोरी श्नायडरला २०१३ मध्ये न्यू जर्सी संघाने घेतले आणि त्याच्या मोबदल्यात नवोदितांच्या निवडीतील नववा क्रमांक देऊ केला. राखीव खेळाडूच्या बदल्यात संघाचे भविष्य घडवू शकेल अशी संधी, असा तो सौदा होता.

भारतात राष्ट्रीय संघातील खेळाडूची अशी अदलाबदल शक्य नाही. म्हणूनच लीगचे महत्त्व अधिक आहे. बाकावर बसलेल्या गोलरक्षकाला सलग सामने मिळाले, तरच त्याची नजर आणि हालचाल ताजी राहते. नवी पिढीही दारात उभी आहे. डिसेंबर २०२५ मध्ये चेन्नई येथे झालेल्या कनिष्ठ विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात प्रिन्सदीप सिंगने बेल्जियमविरुद्धच्या शूटआऊटमध्ये भारताला तारले. त्या संघाचा प्रशिक्षक होता श्रीजेश.

ज्येष्ठांच्या मागे थांबलेल्या करकेरासारख्या खेळाडूला आता मागून येणाऱ्यांशीही झुंजावे लागणार आहे. गोलरक्षकाची कारकीर्द मैदानी खेळाडूपेक्षा दीर्घ असते, ही त्याच्या जमेची बाजू. मात्र पुढच्या ऑलिम्पिकसाठी संघ निवडताना गोलरक्षकाची जागा पुन्हा एकच असली, तर लिलावातील २२ लाखांची बोली त्या जागेसाठी पुरेशी ठरणार नाही. ती जागा सामन्यातील कामगिरीनेच मिळवावी लागेल.