अंड्यातून अळी का निघाली नाही?

तुमच्यापैकी कुणाचं घर हुबळी-धारवाडला आहे का? असेल तर पाणी साठवणं म्हणजे काय, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. मलप्रभा नदीवरच्या धरणातून या जुळ्या शहरांना पाणी येतं, पण बऱ्याच भागांत वर्षानुवर्षं ते काही दिवसांआडच येत आलं. म्हणून घरोघरी पिंपं, हंडे, टाक्या भरलेल्या!

या साठवलेल्या पाण्याच्या भांड्यांत एडिस इजिप्ताय नावाच्या डासाची मादी अंडी घालते. तिच्या पायांवर पांढरे पट्टे असतात, ती दिवसा चावते आणि डेंग्यू पसरवते. घराबाहेरच्या गटारात मात्र दुसराच डास वाढतो, क्युलेक्स. हा तपकिरी रंगाचा. रात्री तुमच्या कानाशी गुणगुणतो ना, तो बहुतेक हाच!

या दोन शेजाऱ्यांमध्ये आणखी एक फरक आहे आणि तो साध्या डोळ्यांना दिसत नाही. गटारातल्या क्युलेक्सच्या पेशींत वोल्बाकिया नावाचा जीवाणू राहतो. पिंपातल्या एडिसमध्ये तो सहसा सापडत नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढं त्याचीच खरी गंमत आहे.

१९२४ साली अमेरिकेत मार्शल हर्टिग आणि सिमियन वोल्बाक या शास्त्रज्ञांना क्युलेक्स डासांच्या शरीरात हा जीवाणू प्रथम दिसला. तो आईच्या अंड्यातून पिल्लांमध्ये उतरतो. वडिलांकडून मात्र उतरत नाही, कारण शुक्रपेशी इतकी चिमुकली असते की तिच्यात त्याला जागाच नसते. म्हणजे नर डासात राहणाऱ्या वोल्बाकियाला पुढच्या पिढीत जायला वाटच नाही!

मग तो काय करतो? नराच्या शुक्रपेशींना जणू कुलूप घालतो. त्या कुलपाची किल्ली असते फक्त वोल्बाकिया असलेल्या मादीच्या अंड्यात. आता कागद-पेन्सिल घ्या आणि चार जोड्या मांडा. दोघांतही जीवाणू नाही? अळ्या निघतील. दोघांतही आहे? निघतील. फक्त मादीत आहे? तरीही निघतील. पण फक्त नरात असेल तर कुलूप आहे, किल्ली नाही. अंडी वाया! म्हणजे जीवाणू असलेल्या माद्यांचा वंश दर पिढीला वाढतो, नसलेल्यांचा घटत जातो. वोल्बाकिया पसरतो तो असा.

गंमत म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणच्या वोल्बाकियांची कुलपंही वेगवेगळी असतात. १९६७ साली हानेस लावेन या जर्मन शास्त्रज्ञानं ब्रह्मदेशात रंगूनजवळच्या ओक्पो गावात असं वेगळं कुलूप असलेले परके नर क्युलेक्स सोडले. सुमारे तीन महिन्यांत गावातल्या डासांची अंडी निकामी झाली. आणि ऐका, यामागं वोल्बाकिया आहे हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं! ते १९७१ मध्ये जेनिस येन आणि राल्फ बार यांनी सांगितलं.

आता पिंपातल्या एडिसकडे येऊ. शास्त्रज्ञांनी फळमाशीतला वोल्बाकिया घेतला आणि अतिशय बारीक सुईनं एडिसच्या अंड्यांत सोडला. हे काम फार नाजूक, त्यात कितीतरी अंडी मरतात. पण त्यातून वोल्बाकियावाले एडिस तयार झाले आणि एक नवल समोर आलं. अशा डासाच्या शरीरात डेंग्यूचा विषाणू नीट वाढूच शकत नाही!

मग दोन वाटा सापडल्या. सिंगापूरमध्ये फक्त नर सोडतात. नर चावत नाहीत आणि त्यांच्याशी जोडी जमवणाऱ्या माद्यांची अंडी वाया जातात. इंडोनेशियातल्या योग्यकार्ता शहरात नर-मादी दोन्ही सोडले, म्हणजे जीवाणू आपसूक पसरत गेला. तिथं डेंग्यू ७७ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्याकडे पुद्दुचेरीच्या व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरनंही वोल्बाकिया असलेले भारतीय एडिस प्रयोगशाळेत वाढवले आहेत.

वोल्बाकिया फक्त डासांतच असतो असं समजू नका. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या शास्त्रज्ञांना तो पश्चिम घाटातल्या फुलपाखरांतही सापडला. धारवाड त्या घाटाच्या अगदी उंबरठ्यावर आहे, म्हणजे तुमच्या बागेतल्या एखाद्या फुलपाखरातही तो असू शकेल!

वोल्बाकियावाले डास आपल्याकडे सोडले जातील तेव्हा जातील, तोवर घरातलं पिंप आपल्या हातात आहे. एडिसची मादी अंडी चिकटवते ती पाण्याच्या कडेला, पिंपाच्या भिंतीवर. कोरड्यातही ती काही महिने तग धरतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही. आठवड्यातून एकदा पिंपाची आतली बाजू घासा आणि पुन्हा भरल्यावर घट्ट झाका.

आणि आता तुमच्यासाठी एक कोडं. वोल्बाकियामुळे अंडी वाया जातात, तर मग गटारात क्युलेक्सची एवढी फौज कशी? तुमच्या कागदावरच्या चार जोड्या पुन्हा पाहा. गटारातल्या जवळजवळ सगळ्या नर-माद्यांमध्ये तोच जीवाणू असेल, तर त्यांची जोडी चारांपैकी कितवी?