एकाचे शब्द, दुसऱ्याचा गळा

आपल्या न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत देणगीदारांची यादी, शिष्यवृत्त्यांचा तपशील आणि वार्षिक अहवालांचा गोषवारा यांच्या जोडीला गाण्याच्या तबकड्यांवर एक लेख कशासाठी, असा प्रश्न सभासद बंधुभगिनींच्या मनात येणे साहजिक आहे. संपादक मंडळाच्या बैठकीतही तो आला होता. परंतु सिल्वासात राहणाऱ्या मराठी माणसाने हा विषय एकदा तरी नीट समजून घ्यावा, असे आम्हांला वाटते. कारण ज्या गळ्याने गीतरामायण घरोघर नेले, त्या गळ्याच्या धन्याचे आपल्या या गावाशी एक जुने नाते आहे आणि ते आपल्या मुलाबाळांपैकी फारच थोड्यांना ठाऊक आहे.

आधी थोडे आपल्या परिसराविषयी. आपल्या शेजारच्या वारली पाड्यावर लग्न असले म्हणजे देवचौकासमोर धवलेरी बसते आणि गाणी म्हणते. ती गाणी झाल्याशिवाय लग्न लागत नाही. ही गाणी कोणी रचली, हे त्या धवलेरीला विचारले तर ती हसेल. तिने ती आपल्या आधीच्या धवलेरीकडून ऐकली, पाठ केली आणि आज म्हटली. रचणारा निराळा आणि गाणारा निराळा ही गोष्ट तिच्या लेखी विचारण्यासारखी नाहीच. आपल्या घरांतल्या जात्यावरच्या ओव्यांचेही तसेच होते. लोकगीताच्या जगात रचणाऱ्याचे नाव पुसले जाते व गाणे उरते. रचणारा कोण हे ठाऊक असताना, त्याचे नाव राखून, त्याचीच गाणी एखादा गायक आयुष्यभर गात राहतो, तेव्हा मात्र गाण्याचे काय होते हे पाहण्याजोगे असते. मराठीत याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे ग. दि. माडगूळकरांचे गीतरामायण सुधीर फडके यांच्या आवाजात.

आता सिल्वासाचे नाते. १९५४ सालच्या जुलै महिन्याच्या २२ तारखेस दादरा पोर्तुगीज अंमलातून सुटले, २८ तारखेस नरोली सुटले आणि २ ऑगस्ट रोजी सिल्वासावर तिरंगा चढला. आझाद गोमंतक दल, युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक अशा निरनिराळ्या गटांतून आलेली ही मंडळी होती. भर पावसाळ्याचे दिवस, हाती तुटपुंजी शस्त्रे आणि समोर शिबंदी असलेले सरकार. पोर्तुगीज अधिकारी कॅप्टन फिदाल्गो हे सिल्वासा सोडून खानवेलकडे गेले आणि ११ ऑगस्टला भारतीय पोलिसांच्या स्वाधीन झाले. या मोहिमेच्या लोकांत विश्वनाथ लवंदे, प्रभाकर सिनारी, राजा वाकणकर, नाना काजरेकर, बाबासाहेब पुरंदरे यांच्या बरोबरीने सुधीर फडके यांचे नाव घेतले जाते. शस्त्रांना पैसा हवा होता. त्यासाठी पुण्यात लता मंगेशकर यांच्या गाण्याचा कार्यक्रम झाला आणि त्याची जुळवाजुळव करण्यात फडके पुढे होते. चित्रपटांना चाली देणारा पस्तीस वर्षांचा संगीतकार, ज्याने आपली कमाई आणि नावलौकिक सांभाळून घरी बसावे, तो आपल्या गावाच्या सुटकेसाठी धडपडत होता.

यानंतर बरोबर आठ महिन्यांनी, १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या सकाळी, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणाचे पहिले गीत त्याच फडक्यांच्या आवाजात वाजले. त्या दिवशी आपले सिल्वासा पोर्तुगालचेही नव्हते आणि कायद्याने भारताचेही नव्हते. वरिष्ठ पंचायत कारभार पाहत होती, आणि हा प्रदेश भारतात विधिवत सामील व्हायला ११ ऑगस्ट १९६१ उजाडावे लागले. दोन घटनांचा एकमेकींशी कार्यकारणसंबंध आहे असे आम्ही म्हणत नाही. एकाच माणसाच्या एका वर्षात त्या बसल्या, एवढेच.

गीतरामायणाची कल्पना पुणे केंद्राचे सीताकांत लाड यांची. रामनवमी ते रामनवमी, दर आठवड्यास एक नवे गीत. वर्षाचे आठवडे बावन्न, पण त्या वर्षी अधिक भाद्रपद आला आणि गीतांची संख्या छप्पन्न झाली. शब्द माडगूळकरांचे, चाली फडक्यांच्या. दोघेही १९१९ साली जन्मलेले, दोघेही गरिबीतून वर आलेले, आणि चित्रपटांच्या निमित्ताने एकमेकांच्या सवयी पक्क्या ओळखणारे. पहिल्या गीताची एक कथा पुण्यात अजून सांगतात. लिहून दिलेला कागद फडक्यांकडून हरवला, ध्वनिमुद्रणाची वेळ आली, माडगूळकर संतापले, आणि शेवटी लाडांनी कवीला खोलीत बसवून बाहेरून कडी घातली तेव्हा थोड्याच वेळात गीत पुन्हा कागदावर उतरले. कथेला मीठमसाला लागला असेल. पण दर आठवड्याला नवे गीत देण्याचा बांधील व्यवहार किती ओढीचा होता, हे तिच्यावरून कळते.

आकाशवाणीवरच्या त्या मूळ मालिकेत गाणारे पुष्कळ होते, हे आज बहुतेकांच्या लक्षात नसते. गीते बहुधा पात्रांच्या तोंडी आहेत. कौसल्या बोलते, निषाद बोलतो, शबरी बोलते. त्यामुळे पात्राप्रमाणे गळा निवडलेला होता. रामाची गीते फडक्यांकडे आणि सीतेची माणिक वर्मांकडे. याखेरीज वसंतराव देशपांडे, सुरेश हळदणकर, राम फाटक, ललिता फडके, मालती पांडे, गजानन वाटवे, बबनराव नावडीकर अशी मातबर मंडळी होती. लता मंगेशकरही त्यांत होत्या. थोडक्यात, ते श्रवणाचे नाटक होते.

मालिका १९५६ च्या रामनवमीला संपली. पुढे १९५८ पासून फडके स्वतः गीतरामायणाचे जाहीर कार्यक्रम करू लागले. पुढ्यात हार्मोनियम, शेजारी तबला, आणि सगळी पात्रे एकाच गळ्यात. नंतर याच आवाजात हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीने छप्पन्न गीतांचा दहा लाँग-प्ले तबकड्यांचा संच काढला. तरुण वाचकांसाठी सांगावयास हवे, की जुनी लाखेची तबकडी मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेरे घेई आणि तिच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. गीतरामायणातले एकेक गीत सात, आठ, दहा कडव्यांचे. ते अशा तबकडीवर बसवायचे तर निम्मी कडवी कापावी लागली असती. १९४८ साली अमेरिकेत निघालेल्या लाँग-प्ले तबकडीने तेहतीस फेऱ्यांच्या संथ चालीवर एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक जागा दिली. कवीचे सबंध गीत कापाकापी न होता घरात आले, याचे श्रेय गळ्याइतकेच या यंत्रालाही द्यावे लागते.

मुख्य प्रश्न हा, की पुष्कळ गळ्यांची रचना एका गळ्यात आली तेव्हा तिचे नुकसान झाले की लाभ? आमच्यांत यावर दोन मते आहेत, आणि दोन्ही छापतो. काही सभासदांचे म्हणणे असे, की सीतेचे दुःख स्त्रीच्याच गळ्यातून यावे. माणिक वर्मांच्या गायनात जी ओल आहे ती पुरुषाच्या आवाजात येणे नाही. हे आम्हांला मान्य आहे. सीतेची गीते ऐकायची तर आम्हीही मूळच्याच शोधू.

पण दुसरी बाजू अधिक खोल आहे असे आम्हांला वाटते. माडगूळकरांनी मालिकेची सुरुवात कशी केली आहे पाहा. रामाच्या सभेत दोन बालके येतात आणि रामासमोर रामाचीच कथा गातात. म्हणजे छप्पन्न गीतांतले प्रत्येक पात्र वास्तविक या दोन गायकांच्या तोंडून बोलते आहे. कुश-लव स्वतः कौसल्या नाहीत, निषाद नाहीत. शिवाय त्यांनी ती कथा रचलेलीही नाही. रचली वाल्मीकींनी. तेव्हा दुसऱ्याने रचलेले, दुसऱ्याच्या दुःखाचे गाणे तिसऱ्याने गाणे हा प्रकार गीतरामायणाच्या पायातच आहे. फडके एकटे बसून सगळे गाऊ लागले, तेव्हा ते कवीच्या मूळ योजनेपाशी परत गेले. आपल्याकडे कीर्तनकार हेच करतो. तोच भरत होतो, तोच कैकेयी होतो, आणि उपरणे सावरून पुन्हा निरूपणाला लागतो. कोणी त्यास विचारीत नाही, की बुवा, तुमचा गळा बायकी का नाही.

फडके हे काही शाहीर नव्हते, कीर्तनकारही नव्हते. रागदारीची बैठक असलेले भावगीताचे व चित्रपटाचे ते संगीतकार. ध्वनिक्षेपकासमोर हळू आवाजात, शब्दाच्या शेवटच्या अक्षरापर्यंत स्वच्छ उच्चार करीत गाण्याची त्यांची रीत. शब्द कळला पाहिजे हा त्यांचा हट्ट होता, आणि तबकडी ऐकताना तो जागोजाग जाणवतो. चाल सुंदर आहे म्हणून त्यांनी कडव्यातला अर्थ तिच्याखाली बुडू दिला नाही. ताना, हरकती त्यांना येत नव्हत्या असे नाही. त्यांनी त्या आवरल्या. दुसऱ्याचे शब्द गाणाऱ्याने प्रथम काय करावे, याचा हा धडाच आहे. राम भरताची समजूत घालतो ते गीत ज्यांनी शांतपणे ऐकले असेल, त्यांना आम्ही काय म्हणतो ते कळेल. तेथे गायक जवळजवळ बोलतो.

माडगूळकरांच्या शब्दांना असा वाहक मिळण्याची ही पहिली वेळ नव्हती. बेचाळीसच्या चळवळीत, साताऱ्याकडे पत्री सरकार उभे राहिले त्या दिवसांत, शाहीर शंकरराव निकम माडगूळकरांचे पोवाडे गात गावोगाव फिरले. तेथे कवी पडद्यामागे राहणे हीच गरज होती. पुढे शाहीर साबळे यांनी राजा बढे यांचे महाराष्ट्रगीत, श्रीनिवास खळे यांच्या चालीत, अशा आवाजात गायिले की पुष्कळ लोक ते साबळ्यांचेच समजतात. २०२३ साली ते महाराष्ट्राचे राज्यगीत झाले तेव्हा कोठे कवीच्या नावाची आठवण नव्याने निघाली. परदेशातही हे चालते. अमेरिकेतल्या जोन बाएझ या लोकगायिकेने १९६८ साली ‘एनी डे नाउ’ नावाचा दोन तबकड्यांचा संच काढला. त्यांतली सारी गाणी बॉब डिलन या दुसऱ्या गीतकाराची. डिलन स्वतःही गातो, आणि त्याचा आवाज खरखरीत. बाईंचा गळा निर्मळ. तीच गाणी दोन्ही गळ्यांत ऐकणाऱ्यास शब्द एकच असून दोन निराळी माणसे भेटतात. आपल्या फडक्यांची गोष्ट यापेक्षा थोडी निराळी, कारण चालही त्यांचीच होती. बाएझबाईंच्या हाती चालही डिलनचीच आली होती.

फडक्यांच्या आयुष्यातले एक सूत्र येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. दुसऱ्याचे काम आपले मानून शेवटास नेण्याची त्यांची वृत्ती गाण्यापुरती नव्हती. सिल्वासा सुटल्यावरही गोवा मुक्तीच्या कामातून ते बाजूस झाले नाहीत. पोर्तुगालच्या तुरुंगात अडकलेले मोहन रानडे १९६९ साली सुटून येईपर्यंत त्यांच्या सुटकेच्या खटपटीत फडके होते. सावरकरांवरचा चित्रपट पुरा करण्यासाठी त्यांनी उतारवयात किती वर्षे खर्ची घातली, तेही सर्वांस ठाऊक आहे. तो चित्रपट २००१ साली पडद्यावर आला, आणि २९ जुलै २००२ रोजी ते गेले. माडगूळकर त्यांच्या आधी पंचवीस वर्षे, १४ डिसेंबर १९७७ रोजी गेले होते. त्या पंचवीस वर्षांत कवीचे शब्द लोकांसमोर जिवंत ठेवण्याचे काम बव्हंशी या एका गळ्याने केले. फडक्यांचे जन्मनाव रामचंद्र होते. योगायोगच, पण गोड.

एक तक्रार मात्र नोंदवून ठेवतो, आणि तीही आपल्या स्वतःविषयी. गेल्या रामनवमीस आपल्या सभागृहात मुलांनी गीतरामायणातली पाच गीते म्हटली. चांगली म्हटली. निवेदनाचे काम आमच्यांपैकीच एकाकडे होते. त्याने पाचही वेळा ‘सुधीर फडके यांचे गीतरामायण’ एवढेच म्हटले. माडगूळकरांचे नाव एकदाही घेतले गेले नाही. कार्यक्रम संपल्यावर मागच्या रांगेतल्या एका वृद्ध सभासदाने ते लक्षात आणून दिले, आणि वर विचारले, की फडके येथे १९५४ साली लढले, हे तरी तुमच्या निवेदकास ठाऊक होते का? नव्हते. भिंतीवर मुक्तिदिनाच्या चित्राखाली उभे राहून निवेदन चालले होते, हे विशेष.

यंदाच्या कार्यक्रमपत्रिकेचा मसुदा तयार आहे. प्रत्येक गीतापुढे तीन रकाने ठेवले आहेत: शब्द, चाल, आणि मूळ मालिकेतला गळा. तिसरा रकाना काही गीतांपुढे अजून मोकळा आहे. ज्या सभासदांकडे आकाशवाणीच्या जुन्या ध्वनिमुद्रणांच्या फिती असतील, त्यांनी त्या ऐकण्यापुरत्या द्याव्यात. ऐकून झाल्यावर परत करू.