कॉफी भाजणारे दोन ड्रम : एक मुठीचा, एक विजेचा

कॉफीची पूड बाजारातून आणावी आणि डबा संपेपर्यंत वापरावी, ही आपल्याकडची सर्वसाधारण रीत. तमिळनाडू आणि कर्नाटकातील अनेक घरांत मात्र काही दशकांपूर्वीपर्यंत कच्च्या बिया आणून त्या घरीच भाजण्याचा आणि दळण्याचा प्रघात होता. त्यामागचे कारण आजही तितकेच खरे आहे. कच्ची बी कोरड्या जागी कित्येक महिने टिकते. भाजलेल्या बीचा सुगंध दोन-चार आठवड्यांत उतरू लागतो, आणि पूड झाल्यावर तर तो काही दिवसांचाच सोबती असतो. ताज्या कॉफीच्या या ओढीने घरगुती भाजणी अलीकडे पुन्हा रुजू लागली असून, हाताने फिरवायच्या ड्रमाच्या जोडीला विजेवर चालणारी यंत्रे आली आहेत. नव्या यंत्राने नेमके काय मिळते आणि काय हातचे जाते, हे पाहण्याजोगे आहे.

जुने साधन अगदी साधे. लोखंडी पत्र्याचा लंबगोल डबा, त्यातून आरपार जाणारी सळई, टोकाला मूठ आणि खाली कोळशाची शेगडी. मूठ अखंड फिरवत राहायची. हात थांबला की तळाच्या बिया करपल्याच म्हणून समजावे. काटा नाही, घड्याळ नाही. भाजणाऱ्याचे नाक आणि कान हीच उपकरणे.

ती पुरेशी ठरतात, याचे कारण बीच्या पोटात आहे. कच्च्या बीमध्ये सुमारे १० ते १२ टक्के ओलावा असतो. तो निघून जाताना हिरवट बी पिवळी होते आणि भाजक्या धान्यासारखा वास येतो. पुढे ती तपकिरी होते आणि साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास आतील वाफेच्या व वायूच्या दाबाने लाह्यांसारखी तडतडते. ही पहिली तडतड. उष्णता तशीच चालू ठेवली, तर २२५ ते २३० अंशांच्या सुमारास दुसरी तडतड ऐकू येते. ती अधिक बारीक, वाळल्या पानांवर पाय पडल्यासारखी असते. या दोन आवाजांमधील काही मिनिटांतच कॉफीची चव ठरते. आधी थांबल्यास आंबटसर फळासारखा स्वाद राहतो, उशीर झाल्यास कडवटपणा वाढतो आणि तेल पृष्ठभागावर येते.

नव्या यंत्रांचे प्रातिनिधिक उदाहरण म्हणून अमेरिकेतील ‘बेहमोर १६००’ घेता येईल. २००७च्या सुमारास बाजारात आलेले हे यंत्र दिसायला चक्क स्वयंपाकघरातील ओव्हनसारखे आहे. आत जाळीदार ड्रम, मागे तापणाऱ्या क्वार्ट्झच्या नळ्या आणि एका वेळी सुमारे ४५० ग्रॅम बिया भाजण्याची क्षमता. उष्णता कोणत्या टप्प्याला किती द्यायची, याचे आराखडे यंत्रातच ठरवून दिलेले असतात. नंतरच्या ‘प्लस’ आवृत्तीत उष्णता आणि ड्रमाचा वेग हाताने बदलण्याची सोयही आली. शहरी सदनिकेच्या दृष्टीने मोलाची गोष्ट मात्र निराळीच आहे. बाहेर पडणारा धूर तेथल्या तेथे जाळून कमी करण्याची योजना या यंत्रात आहे. शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांना कॉफीचा वास लागू नये, एवढी काळजी कोळशाची शेगडी काही घेत नाही.

परंतु धूर कमी होतो, नाहीसा होत नाही. म्हणूनच दुसरी तडतड रंगात येण्यापूर्वी भाजणी थांबवावी, अशी या यंत्राची मर्यादा आहे. चिकोरी मिसळलेल्या, गडद फिल्टर कॉफीची सवय असलेल्यांना ती खटकणारच.

खरा फरक पडतो तो थंड करताना. जुन्या पद्धतीत तयार बिया थेट सुपात ओतल्या जातात. पाखडले की फोलपटे उडतात आणि दोन-चार मिनिटांत बी निवते. विजेच्या यंत्रात बिया त्याच तापलेल्या पेटीत राहतात आणि त्या थंड व्हायला दहा-बारा मिनिटे लागतात. बटण दाबल्यावरही भाजणी थोडा वेळ चालूच राहते. सरावलेली माणसे त्यामुळे हवा तो रंग येण्याच्या थोडे आधीच बटण दाबतात. म्हणजे नाक-कानांची गरज येथेही संपलेली नाही, उलट अंदाज अधिक कठीण झाला आहे.

सुरक्षिततेचा मुद्दाही दुर्लक्षिण्यासारखा नाही. सुटलेली फोलपटे कागदासारखी पेट घेतात. ‘प्लस’ आवृत्तीत सुमारे पाऊण वेळ सरल्यावर माणसाने पुन्हा बटण दाबले नाही, तर यंत्र आपणहून भाजणी थांबवते. माणूस जवळ आहे की नाही, याची ती खात्रजमा असते. मुठीच्या ड्रमाला ही तरतूद लागत नाही, कारण माणूस उठून गेला की ड्रमच थांबतो. खालचा निखारा मात्र तसाच राहतो.

परदेशातून यंत्र आणू पाहणाऱ्यांनी आणखी एक पाहून घ्यावे. अमेरिकेसाठी बनवलेले यंत्र १२० व्होल्टचे असते. ते आपल्याकडील २३० व्होल्टच्या सॉकेटला थेट जोडल्यास जळण्याचीच शक्यता अधिक. १६०० वॅटचा भार पेलणारा ट्रान्सफॉर्मर चांगलाच वजनदार असतो आणि त्याची किंमत यंत्राच्या किमतीत धरावी लागते. सुटे भागही मागवावे लागतात. पत्र्याच्या ड्रमाची निखळलेली मूठ कोपऱ्यावरचा वेल्डिंगवाला बसवून देतो.