सोळा दिव्यांची उंची

सोलापुरात ‘चौकात डिजिटल लागले’ असे कोणी म्हटले, तर परगावच्या पाहुण्याच्या मनात झगमगता पडदा उभा राहतो. पण सोलापूरकराच्या डोळ्यांपुढे येते ते संगणकावर जुळवलेले, यंत्राने छापलेले, बांबूच्या चौकटीवर ताणलेले आणि एखाद्या उगवत्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचे अभीष्टचिंतन मिरवणारे फ्लेक्सचे कापड. छपाईच्या तंत्राचे विशेषण येथे वस्तूचेच नाम होऊन बसले. मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधाचा राज्याचा कायदा 1995 सालचा आहे, बेकायदा फलकांविषयी उच्च न्यायालयाचा निकाल 2017 सालचा आहे. वाढदिवस मात्र दरसाल येतात.

याच जिल्ह्यात जाहीर लेखनाचा फार पुरातन दाखला आहे. भीमा-सीनेच्या संगमावरील हत्तरसंग-कुडल येथील शके 940चा, म्हणजे 1018 सालचा शिलालेख सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी उजेडात आणला, आणि आद्य मराठी शिलालेखांत त्याची गणना होऊ लागली. त्यातील मराठी ओळीचा आशय असा लावतात, की जो हे वाचील तो विजयी होईल. लिहिणाऱ्याने बक्षीस वाचकाच्या नावे ठेवले होते, आणि मुदत घातली नव्हती.

दुकानांच्या दर्शनी भागी सरकणाऱ्या तांबड्या अक्षरांपाशी ही सवड नाही. ज्या पॅनेलवर ती उमटतात त्याला व्यापारात ‘पी-टेन’ म्हणतात, कारण त्यातील लगतच्या दोन दिव्यांमधले अंतर 10 मिलिमीटर. आडवे 32 आणि उभे 16, असे एकंदर 512 दिवे. रोमन लिपी या उंचीत ऐसपैस बसते. परंतु ग्रामदैवत सिद्धेश्वराचे नाव तेथे लिहू जावे, तर वेलांटी-मात्रेला तीन-चार ओळी आणि शिरोरेषेला एक दिल्यावर उरलेल्या जागेत ‘द्ध’ आणि ‘श्व’ यांची अशी दाटी होते, की ते नाव आधीपासून ठाऊक असलेल्या भक्तानेच ओळखावे. पूर्व भागातील पद्मशाली विणकरांच्या तेलुगूत जोडाक्षराचा दुसरा वर्ण खाली लोंबतो, कन्नडचीही तीच तऱ्हा, आणि उर्दूचे नस्तालीक तर तिरपे उतरत येते. ज्या शहरात चार लिप्या नांदतात तेथे एकाच फलकाने पाळीपाळीने चारही लिप्यांत बोलावे, हा या माध्यमाचा खरा गुण. पण मोठ्या पडद्यावरील जागा सेकंदांच्या हिशेबाने विकली जाते, आणि अक्षर लावून वाचणाऱ्या म्हाताऱ्याचे वाक्य अर्ध्यावर असतानाच तेथे साड्यांचा सेल येऊन उभा राहतो.

यावर तोड आहे, आणि ती कारागिरांना ठाऊकही आहे: दोन पॅनेल एकावर एक रचली की उंची 32 दिव्यांची होते आणि सिद्धेश्वर सुटसुटीत वाचता येतो. मात्र पॅनेलचा खर्च दुप्पट होतो, म्हणून बहुतेक दुकानदार एकाच रांगेवर भागवतात.