नायसिन जिवाणूला कसं मारतं

विरजणात आढळणाऱ्या लॅक्टोकॉकस लॅक्टिस या जिवाणूच्या काही वाणांना शेजारी खपत नाहीत. आगरच्या थाळीवर मायक्रोकॉकससारख्या जिवाणूचा थर पसरायचा, मधे भोक पाडायचं आणि लॅक्टोकॉकस जिच्यात वाढवला ती पेज गाळून त्यात थोडी सोडायची. सकाळी थाळी दुधट दिसते, भोकाभोवती मात्र नितळ कडं उमटलेलं असतं. हा प्रताप आंबटपणाचा नव्हे ना, म्हणून पेजेतलं आम्ल आधीच मारून घेतात. तरीही कडं उमटतं, कारण पेजेत नायसिन असतं: अवघ्या 34 अमिनो आम्लांची एक साखळी.

1928 पासून माहीत असलेल्या या साखळीची खरी गंमत तिच्या नेमात आहे. जिवाणू सतत आपली भिंत बांधत असतो. भिंतीची एकेक वीट पटलापलीकडे पोचवणारा बिगारी म्हणजे लिपिड-2 हा रेणू. व्हँकोमायसिन हे नावाजलेलं प्रतिजैविक विटेचं टोक पकडतं. एंटेरोकॉकस या जिवाणूच्या काही वाणांनी काय केलं, तर ते टोकच बदललं. औषधाची पकड सुटली. नायसिन टोकाच्या वाटेला जातच नाही. ते बिगारी आणि वीट यांच्यातला फॉस्फेटचा सांधा धरतं, आणि तो बदलणं जिवाणूला फार अवघड. बांधकाम थांबतं. एवढ्यावर न भागता नायसिनचे आठ आणि लिपिड-2 चे चार रेणू मिळून पटलाला भोक पाडतात, आतला ऐवज बाहेर गळतो. लॅक्टोकॉकस स्वतः वाचतो, कारण नायसिन अडवणारं प्रथिन आणि ते बाहेर फेकणारा पंप त्याच्याकडे असतो.

मग हे औषधाच्या दुकानात का नाही? तोंडाने घेतलं तर आतड्यातली पाचकद्रव्यं त्याचे तुकडे करतात. रक्ताच्या सामूपाशी ते नीट विरघळत नाही. ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंचं बाहेरचं पटल त्याला आत येऊ देत नाही. आणि औषधांना दाद न देणारे कितीतरी जंतू याच गटातले. त्यातल्या त्यात जमेची बाजू अशी, की साखळी थेट जनुकावरून बनते. जनुकात फेरफार करून वेगळं नायसिन घडवता येतं, आणि लिस्टेरिया या जिवाणूला जास्त जोराने मारणारं एक रूप तसं घडवलंही आहे.

आज नायसिन भेटतं ते पॅकबंद चीजच्या वेष्टनावर, परिरक्षक 234 या क्रमांकाने. त्याने संसर्ग बरा होत नाही, आणि ताकानेही नाही. तिथे अजून डॉक्टरांनी दिलेलं प्रतिजैविकच लागतं.