वसंतातील ऊन आणि त्वचारक्षण

फाल्गुनात नागपूर परिसरात पळस फुलतो आणि सकाळची हवा अद्याप सुखद असते. वैशाखात दुपट्टा बांधल्याशिवाय बाहेर न पडणारे नागपूरकर या दिवसांत उघड्या डोक्याने वावरतात. ऊन अजून तापलेले नाही, हा समज त्वचेच्या दृष्टीने घातक आहे.

उन्हाची उष्णता आणि त्यातील अतिनील किरण या भिन्न गोष्टी होत. या किरणांची तीव्रता हवेच्या तापमानावर नव्हे, तर प्रामुख्याने सूर्याच्या उंचीवर अवलंबून असते. नागपूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे २२ डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवर असतो. २१ मार्चला तो सुमारे ६९ अंशांवर येतो. शिशिर, वसंत व ग्रीष्म या आदानकालात सूर्याचे बल क्रमाने वाढते, हे शास्त्रवचन येथे प्रत्ययास येते.

श्वित्रात बाकुचीचे तैल वा लेप लावून रुग्णास अल्पकाळ उन्हात बसविण्याची पद्धत आपल्या परिचयाची आहे. बाकुचीतील सोरालेन त्वचेस अतिनील किरणांप्रति संवेदनशील करते. डागांत मेलॅनिन नसल्याने तेथे नैसर्गिक संरक्षणही नसते. पौषात सोसलेला वेळ फाल्गुनात कायम ठेवल्यास दाह व फोड उद्भवू शकतात, आणि आघात झालेल्या जागी नवे डाग उठण्याचा धोका राहतो.

म्हणून आम्ही सुचवितो की, माघ संपताच प्रत्येक रुग्णाचा आतपसेवनाचा काळ नव्याने ठरवावा. सकाळच्या कोवळ्या उन्हात अत्यल्प काळापासून आरंभ करावा. लाली किंवा आग जाणवल्यास ती पूर्ण शमेपर्यंत उपचार थांबवावा. उपचारानंतर तैल धुऊन तो भाग वस्त्राने झाकावा. सोरालेनला उद्दीपित करणारे किरण काचेतूनही येतात, याची रुग्णास जाणीव द्यावी.

इतरांनीही मध्यान्हीचे ऊन टाळावे. घट्ट विणीचे, पूर्ण बाह्यांचे सुती वस्त्र व दुपट्टा आतापासूनच वापरावा. चेहऱ्याला लिंबाचा रस लावून उन्हात जाऊ नये. चंदन-उशीराचा लेप दाहशामक आहे, परंतु तो किरणरोधक मलमाची जागा घेऊ शकत नाही. दीर्घकाळ उन्हात काम असल्यास एसपीएफ ३० किंवा अधिकचे मलम दर दोन तासांनी लावावे.

ऋतुमानानुसार आपण औषधाची मात्रा बदलतो. बाकुची देताना उन्हाची मात्राही तितक्याच काळजीने बदलणे वैद्याचे कर्तव्य आहे.