कुंडीतला टोमॅटो आणि ‘भरपूर खता’ची भानगड

नर्सरीतून टोमॅटोचं रोप घेतलं की गिऱ्हाइकाचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘यात खत कुठलं घालू?’ कुंडीत हवा किती खेळेल, हे सहसा कुणी विचारत नाही. टोमॅटोची कुंडी फसते ती बहुतेक वेळा तिथेच. खत कमी पडून मेलेल्या रोपांपेक्षा मुळं गुदमरून मेलेली रोपं जास्त असतात.

पहिला गैरसमज काळ्या मातीबद्दलचा. नारायणगाव-जुन्नरकडे शेतातल्या काळ्या मातीत टोमॅटो झकास येतो, मग कुंडीत का येऊ नये? शेतात मुळांना हातभर खाली जायला वाव असतो आणि जास्तीचं पाणी त्याहून खोल निघून जातं. कुंडीत सगळा संसार फूटभर खोलीत. शिवाय दख्खनच्या काळ्या दगडापासून बनलेली ही चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. कुंडीत ओली असताना तिचा लगदा होतो. वाळली की ती कडेने सुटते आणि तिथे बोटभर भेग पडते. मग वरून ओतलेलं पाणी त्या भेगेतून थेट खालच्या बशीत. बशी भरलेली पाहून मालक खूश, मधला गोळा मात्र कोरडा ठणठणीत. कोकणातल्या लाल मातीत निचरा बरा असतो, पण ती बऱ्याचदा आम्ल असते. टोमॅटोला साधारण ६ ते ६.८ सामू मानवतो, त्यामुळे तिथे थोडा चुना लागू शकतो. देशावर मात्र चुना घालायची गरजच नसते.

निचऱ्यासाठी तळाला विटांचे तुकडे किंवा खडी घालायची पद्धत तर आजोबांपासून चालत आलेली. तिचा उपयोग होत नाही. मातीच्या बारीक पोकळ्या पाणी धरून ठेवतात आणि खडीच्या मोठ्या पोकळ्यांत ते सहजी उतरू देत नाहीत. त्यामुळे कुंडीच्या तळाशी राहणारा चिंब थर उलट वर, मुळांजवळ सरकतो. भांडी घासायचा ओला स्पंज आडवा धरला तर पाणी तसंच राहतं, उभा केला की गळू लागतं. म्हणून पसरट कुंडीपेक्षा उंच कुंडी बरी. भोकावर खापरीचा एखादा तुकडा ठेवायला हरकत नाही, तो माती अडवायला.

गांडूळखताचं कौतुक योग्यच आहे, पण अर्धीअधिक कुंडी त्यानेच भरणारे लोक पैसे वाया घालवतात. अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठात टोमॅटोवर झालेल्या प्रयोगांत मिश्रणात गांडूळखताचं प्रमाण कमी, म्हणजे १० ते २० टक्क्यांच्या आसपास ठेवलं तेव्हा रोपं उत्तम वाढली. नुसतं गांडूळखत वापरण्याने तसा फायदा दिसला नाही. त्याचे कण बारीक असतात, ते दबून बसतात आणि क्षारही वाढतात. आणि कुठल्याही खतातून नत्र जास्त झालं की झाड हिरवंगार, छातीएवढं, फुलं मात्र तुरळक.

कोकोपीट हे खतच नव्हे, हेही सांगायला हवं. नारळाच्या काथ्याचा तो भुसा; पाणी भरपूर धरतो, वजनाला हलका, अन्नद्रव्यं जेमतेम. स्वस्तातल्या विटेत बरेचदा मीठ असतं, म्हणून ती भिजवून दोन-तीन पाण्यांनी धुवावी.

फळाचं बूड काळं, चामड्यासारखं झालं की घरोघरी अंड्याची टरफलं कुटली जातात. कारण कॅल्शियमचंच आहे, उपाय मात्र चुकीचा. टरफलं फार सावकाश विरघळतात आणि देशावरच्या चुनखडीच्या मातीत तर जवळपास नाहीतच. मुळात अशा मातीत कॅल्शियम रगड असतं, तरी फळं नासतात! कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं आणि पाण्याचा बहुतेक ओघ पानांकडे जातो. दोन दिवस कोरडं, तिसऱ्या दिवशी बादलीभर, असं पाणी दिलं की उपाशी राहतं ते फळ.

घरचं कंपोस्ट उत्तम, पण पुरतं कुजलेलं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी उभी केलेली बाग ओला कचरा आणि पालापाचोळा यांच्यावरच पोसली गेली. कोरड्या पाल्याची ही जोड नसली की नुसत्या भाजीच्या देठांचा आंबूस चिखल होतो. अर्धवट कुजलेलं खत कुंडीत गेलं तर जिवाणू त्याचं काम उरकताना झाडाच्या वाटचं नत्र पळवतात आणि पानं पिवळी पडतात. खत तयार आहे का ते पाहायला त्यात चार मेथीदाणे पेरावेत. ते नीट उगवले आणि खताला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास असला, की वापरावं.

मग भरायचं काय? एका झाडाला १५ ते २० लिटरची कुंडी. तीन भाग पोयट्याची किंवा लाल माती, तीन भाग धुतलेलं कोकोपीट, दोन भाग मुरलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, एक भाग गांडूळखत, एक भाग भाताचं तूस किंवा जाड वाळू आणि वर दोन मुठी निंबोळी पेंड. ताजं शेण नको. त्यातून तणाचं बी येतं आणि मुळंही भाजतात. ओलसर मिश्रण मुठीत आवळावं. गोळा व्हावा आणि बोटाने टोचताच फुटावा. कुंडी भरून पाणी घातलं की ते वर तुंबून न राहता थोड्याच वेळात खालून ठिबकायला हवं. पुढे फुलं आली की थोडं पालाशयुक्त खत वरून द्यायचं, कारण फळं धरल्यावर टोमॅटो नत्रापेक्षा पालाश जास्त उचलतो.

जुन्या मातीचं काय करायचं, हा शेवटचा प्रश्न. ती फेकायची गरज नाही. नवं कंपोस्ट मिसळून ती पुन्हा वापरता येते. फक्त हिरवं झाड एकाएकी माना टाकून मेलं असेल तर सावध राहावं. बुंध्याचा तुकडा कापून काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात लटकवावा. काही मिनिटांत कापल्या जागेतून दुधाळ धागा खाली उतरू लागला तर ती जिवाणूजन्य मर. हा जिवाणू कोकण-गोव्याच्या दमट हवेत विशेष त्रास देतो. अशा मातीत टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा यांपैकी काहीही लावू नये, आणि तिला लागलेलं खुरपं धुतल्याशिवाय शेजारच्या कुंडीत घालू नये.